भाड्याच्या घरातले उंदीर: २९ जून ते २५ ऑगस्टच्या नोंदी

घर: पुणे, कोथरूड भागातली जुनी तीन मजली इमारत, पहिला मजला, १ बीएचके. स्वयंपाकघराला लागून ड्राय बाल्कनी, तिच्यामागे सगळ्या मजल्यांच्या ड्रेनेज पाइपांचा डक्ट. ओट्याखाली ट्रॉल्या. करार ११ महिन्यांचा, त्यातले ७ बाकी. करारात 'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी, बांधकामात बदल करू नये' असं वाक्य आहे. म्हणून जे करायचं ते सोडताना काढता येईल असं, नाहीतर मालकांना विचारून. वर्ष २०२४.

हेच काम दुसऱ्या कुणी हाती घेणार असेल तर एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इथे पहिले पंधरा दिवस नुसते पकडण्यात गेले आणि एक पकडला की त्याच्या जागी दुसरा येत राहिला. फटींना हात लावायला १४ जुलै उजाडला. ते काम पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं.

२९ जून, शनिवार

सिंकखालच्या ट्रॉलीत लेंड्या. रव्याची पिशवी कोपऱ्यातून कुरतडलेली, शेजारचं साबुदाण्याचं पाकीटही.

लेंड्या कुणाच्या ते आधी ठरवणं गरजेचं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून. इथल्या जिऱ्याएवढ्या, ४ ते ६ मिमी, दोन्ही टोकांना निमुळत्या. म्हणजे घरातला छोटा उंदीर. मोठ्या काळ्या उंदराच्या १२ मिमीच्या आसपास असतात, लांबट. झुरळाची घाण चहापुडीसारखी बारीक. पालीची लेंडी उंदरासारखीच दिसते, पण तिच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. पांढरा ठिपका दिसला तर चाप विकत आणू नका, ती पाल आहे. चिचुंद्री असेल तर वासावरूनच कळतं. ती उंदरांच्या जातीतली नाही, किडे-झुरळं खाते, धान्याच्या पिशव्या कुरतडत नाही.

सफाई: झाडू मारला नाही. कोरड्या लेंड्या झाडल्या की धूळ नाकात जाते, आणि उंदराच्या मुतातून लेप्टोसारखे आजार होतात. ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (पातळ ब्लीच) १ भाग आणि पाणी ९ भाग, बाटलीने फवारून दहा मिनिटं ओलं ठेवलं, मग हातमोजे आणि मास्क घालून जुन्या कागदाने पुसून घेतलं. हायपो आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करू नये, विषारी वायू होतो.

रवा, डाळी, पोहे, शेंगदाणे सगळं स्टीलच्या डब्यांत. पातळ प्लास्टिकचे डबे उंदीर कुरतडतो, काचेचे आणि स्टीलचे नाही.

३० जून

येण्याजाण्याची वाट शोधायला ओट्याखाली, फ्रिजमागे आणि दाराशी रात्री कणीक भुरभुरली. सकाळी मुंग्यांची रांग, पावलं एकही स्पष्ट नाही. चूक. खाण्याचं काही पसरायचंच नाही.

१ जुलै

कणकेऐवजी पांढरी रांगोळी, चहाच्या गाळणीतून चाळून, कागदाइतक्या पातळ थराने. सकाळी चित्र स्वच्छ: पावलांची ओळ सिंकखालच्या भिंतीतल्या पाइपापाशी सुरू, भिंतीला चिकटून फ्रिजपर्यंत, परत त्याच वाटेने. मधल्या मोकळ्या फरशीवर एकही पाऊल नाही. उंदीर भिंतीला मिशा घासत चालतो, मोकळ्यावर येत नाही. पुढे चाप कुठे ठेवायचे ते इथेच कळलं.

रांगोळी १० रुपयांची. या संपूर्ण कामात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू हीच.

२ जुलै

बोहरी आळीतून तारेचा पिंजरा, २२० रुपये. आत भज्याचा तुकडा. सकाळी भजं गायब, दार बंद, पिंजरा रिकामा. तारांमधलं अंतर मोजलं: १५ मिमी. हा पिंजरा मोठ्या उंदराचा. छोटा उंदीर ६ मिमीच्या फटीतून जातो, त्याला हा पिंजरा म्हणजे उघडं दार. दुकानात 'उंदराचा पिंजरा' मागितला की हाच देतात. छोट्यासाठी हवा असेल तर बारीक जाळीचा मागून घ्या आणि पेन्सिल घालून बघा, पेन्सिल आत जाता कामा नये.

पिंजरा माळ्यावर टाकला. पुढे कामी आला.

३ जुलै

प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासोनिक यंत्र (माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवायचं), ५४९ रुपये. फ्रिजशेजारच्या सॉकेटला.

५ जुलै

यंत्राच्या बरोबर खाली, अर्ध्या फुटावर, रांगोळीत ताजी पावलं. ट्रॉल्या आणि सामान मधे आलं की तो आवाज पुढे जात नाही, आणि समोरासमोर असला तरी उंदराला दोन दिवसांत सवय होते. डांबरगोळ्या, कापूर, पुदिन्याचं तेल, लाल तिखट हे सगळं शेजारपाजारच्यांनी सुचवलं. डांबरगोळ्या स्वयंपाकघरात ठेवूच नयेत, त्यांची वाफ माणसालाच बाधते. बाकीचं करून बघितलं नाही. आधीच तीन दिवस गेलेत.

६ जुलै

लाकडी चाप ६, प्रत्येकी ४५. लावायच्या आधी प्रत्येकाचा खटका पेन्सिलीने तपासला. सहातले दोन इतके कडक की पेन्सिल जोरात दाबावी लागली. छोटा उंदीर जेमतेम १५ ते २० ग्रॅमचा, त्याच्या वजनाने असा खटका सुटत नाही. तारेचं टोक जिथे अडकतं तिथे पक्कडीने किंचित सरळ केलं, तेव्हा हलक्या स्पर्शाने सुटू लागला.

आमिष: शेंगदाण्याचं कूट आणि गूळ मळून, हरभऱ्याच्या डाळीएवढं. पहिल्या रात्री सुपारीएवढं लावलं होतं. उंदराने कडेने खाऊन टाकलं, चाप तसाच. नुसता पोळीचा तुकडा ठेवला तर तो ओढून नेतो. चिकट हवं, थोडं हवं, खटक्याच्या खाचेत दाबलेलं हवं. सुक्या खोबऱ्याचा तुकडा दोऱ्याने बांधला तरी चालतो, तो ओढल्याशिवाय सुटत नाही.

७ जुलै

दोन चाप चुकीचे ठेवले होते, भिंतीला समांतर. रांगोळीत दिसतं की उंदीर बाजूने वळसा घालून गेला. आता सगळे काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीला टेकवून. सिंकखाली दोन, फ्रिजमागे दोन, दाराशी एक, ड्राय बाल्कनीत एक. घरातला छोटा उंदीर आपल्या घरट्यापासून फार लांब जात नाही, साधारण ३ ते १० मीटरमध्येच वावरतो, तेव्हा दोन मीटरला एक चाप बसला पाहिजे.

सकाळी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सगळ्या जागा दाखवल्या. सिंकखालचे दोन चाप बुटांच्या खोक्यात, दोन्ही टोकांना भोकं पाडून. घासणी काढायला गेलेला हात चापात जायला नको. लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात सगळेच चाप खोक्यात ठेवावे.

८ जुलै

पहिला सापडला, सिंकखाली. हातमोजे घालून चापासकट हायपोने फवारला, उंदीर दोन पिशव्यांत गाठ मारून. चाप धुतला नाही, नुसता पुसला.

९ जुलै

दुसरा, त्याच चापात. 'वास राहतो, चाप उकळून घ्यावा लागतो' असं सगळे सांगतात. छोट्या उंदरांच्या बाबतीत तरी इथे तसं काही दिसलं नाही.

शेजारून गोंदाचा पॅड आला, 'एकदा लावून तर बघा' म्हणून. रात्रीत तीन झुरळं आणि एक पाल, पाल जिवंत. खोबरेल तेल चोळून हळूहळू सोडवली, अर्धा तास गेला. पॅड परत केला. त्यात अडकलेला उंदीर तासन् तास तडफडतो, आणि ॲनिमल वेल्फेअर बोर्डानेही असे पॅड वापरू नयेत म्हणून राज्यांना लिहिलेलं आहे. ते बाजूला ठेवलं तरी ओट्याखालच्या धुळीत आणि ओलीत गोंद दोन दिवसांत निकामी होतो.

११ जुलै

तिसरा. मादी, दूध पाजत असलेली. म्हणजे पिल्लं आणि घरटं जवळच कुठेतरी.

ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढल्या. चॅनेलच्या दोन्ही बाजूंना काळ्या प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या असतात. एक वर आणि एक खाली दाबून ओढलं की ट्रॉली निघते, स्क्रू काढावे लागत नाहीत. खालची स्कर्टिंगची पट्टी नुसती क्लिपांवर. ती काढल्यावर मागच्या कोपऱ्यात घरटं: पोछ्याचे धागे, वर्तमानपत्राचे तुकडे, दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक. आत पाच पिल्लं, मेलेली. सगळं ओलं करून उचललं, फरशी दोनदा पुसली.

ट्रॉल्या बसवल्यापासून कुणी ही पट्टी काढली असेल असं वाटत नाही. ओट्याखाली ट्रॉल्या असलेल्या घरात पहिल्याच दिवशी ती काढा.

१२ आणि १३ जुलै

चौथा सापडला, आणि सकाळी रांगोळीत नवीन पावलं. गणित सरळ आहे. मादीची गर्भारपणाची मुदत तीन आठवडे, एका वेळी पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड महिन्यात स्वतः गाभण राहू शकतात. त्यात डक्टमधून नवे येणार. सहा चापांनी हे संपत नाही.

दोन दिवस फक्त पाहणी. रात्री घरातले दिवे बंद करून ड्राय बाल्कनीतून टॉर्च आत मारला आणि आतून कुठे उजेड दिसतो ते पाहिलं. दिवसा उदबत्ती फटींपाशी धरली, धूर आत-बाहेर ओढला जातो तिथे वाट आहे. प्रत्येक जागी पेन्सिल घालून बघितली.

सापडलं ते असं. सिंकचा सांडपाण्याचा पाइप ४० मिमीचा, पण भिंतीतलं भोक ७५ मिमीचं, बाकी सगळं डक्टकडे उघडं. मुख्य रस्ता हाच. ड्राय बाल्कनीतल्या नहाणीची (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाची) जाळी अर्धी तुटलेली, त्यात वॉशिंग मशीनचा पाइप नुसता सोडलेला. बाल्कनीतल्या सिलिंडरची गॅसची नळी भिंतीतून आत येते, तिथलं भोक नळीच्या दुप्पट. इंटरनेटच्या केबलसाठी कुणीतरी २० मिमीचं भोक पाडलंय, केबल ४ मिमीची. मुख्य दाराखाली १४ मिमी फट. एक्झॉस्ट फॅनच्या पाकळ्या तुटलेल्या, पण तो सात फुटांवर, 'तिथे कशाला चढतोय' म्हणून सोडून दिला. ही चूक २७ जुलैला समजली.

मालकांना प्रत्येक भोकाचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं: काय बुजवणार, कशाने, अंदाजे खर्च किती, यातलं कायमचं काय आणि काढता येणारं काय. नुसतं 'घरात उंदीर झालेत' असं कळवलं की उत्तर 'पेस्ट कंट्रोल करून घ्या' असं येतं. मोजमाप असलेल्या फोटोंना अर्ध्या दिवसात होकार आला, जाळी-सिमेंट, प्लंबर आणि दाराच्या पट्टीचे पैसेही कबूल झाले.

१४ जुलै, रविवार. बुजवणं, पहिला प्रयत्न

साडेपाच तास. सिंकमागच्या भोकात पीयू फोम, ४२० चा डबा. फुगून भोक छान भरलं, वरून कापून सपाट केला. दहा मिनिटांचं काम, दिसायला सुरेख. केबलच्या भोकातही तोच.

दाराखाली चिकटवायची रबरी पट्टी, १२० रुपये.

नहाणीला स्टीलची नवी जाळी. मशीनच्या पाइपासाठी मधे भोक असलेली मिळते, तीच घ्यावी. ड्राय बाल्कनी आणि बाथरूम धरून दोन, प्रत्येकी ९०.

१६ जुलै

फोममध्ये अंगठ्याएवढं आरपार भोक, खाली पिवळा भुसा. दोन रात्री टिकला. सापडलेला पाचवा उंदीर बहुधा याच रस्त्याने आलेला. फोम हवा अडवतो, उंदराचे दात अडवत नाही. रबरी पट्टीचा कोपराही खाल्लेला.

१७ जुलै

आषाढी. शेंगदाण्याचा डबा ओट्यावर तासभर उघडा राहिला. काही झालं नाही, पण झाकण लागलेलं बरं.

१८ जुलै

स्वयंपाकघरात वास. दुपारपर्यंत असह्य.

कारण संध्याकाळी कळलं. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याने १२ तारखेला डक्टमध्ये ब्रोमाडायोलोनच्या मेणाच्या वड्या टाकल्या होत्या, आणि कुठल्याच घराला सांगितलं नव्हतं. ०.००५ टक्क्यांचं हे औषध रक्त गोठू देत नाही. उंदीर खाल्ल्यावर लगेच मरत नाही, तीन-चार दिवस किंवा त्याहून जास्त फिरतो आणि मग जिथे असेल तिथे मरतो. 'हे खाऊन उंदीर पाणी प्यायला बाहेर जातो' हे खरं नाही. फोममधल्या भोकातून आत आला आणि ट्रॉल्यांमागे मेला.

वासावरून जागा सापडेना, माश्यांवरून सापडली. हिरव्या-निळ्या चकचकीत मोठ्या माश्या एकाच कोपऱ्यात घोंगावत होत्या. तिथली स्कर्टिंग काढली तर ओटा आणि भिंतीच्या सांध्यात, हात न पोहोचणाऱ्या जागी. वाकवलेल्या तारेने ओढून काढला. वास पूर्ण जायला आणखी तीन दिवस. हाताला लागला नसता तर वाळून जाईपर्यंत आठवडाभर सहन करावा लागला असता.

फटी उघड्या असताना विष ठेवायचं नाही, हे इथे पक्कं झालं. ट्यूबमध्ये मिळणारी पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. तिला उतारा नाही, माणसाचं यकृत निकामी होतं. ब्रोमाडायोलोनला निदान व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कुणी ठेवतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. त्यातून निघणाऱ्या वायूने माणसं दगावली आहेत.

सोसायटीला लेखी दिलं: वड्या कुलपाच्या डब्यात ठेवाव्या, तारीख आणि जागा नोटीस बोर्डावर लावावी. दोन्ही मान्य झालं.

२१ जुलै, रविवार. दुसरा प्रयत्न, हाच टिकला

प्लंबर ४०० रुपयांत, दीड तास. बाकीचं घरच्या घरी, चार तास.

सिंकमागचं भोक: फोम कोरून काढला. जाळी आधी प्लास्टिकची डासांची लावायचा विचार होता, ती उंदीर एका रात्रीत फाडतो. जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) वेल्डेड जाळी आणली, चौकोन पाव इंचाचा, म्हणजे ६ मिमी. भोकापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा तुकडा, मधे पाइपासाठी गोल कापून आणि एका बाजूने चीर देऊन पाइपाभोवती बसवला. चीर एकावर एक चढवून तारेने शिवली. वर १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू. भिंत आधी ओली केली नाही तर सिमेंट दुसऱ्या दिवशी पापुद्र्यासारखं सुटतं, बाथरूमच्या बाजूला हे करून बघून झालंय. दोन दिवस पाणी मारलं. ही दुरुस्ती कायमची, मालकांच्या संमतीने.

केबलचं भोक: स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची घासणी उलगडून, स्क्रूड्रायव्हरने ठासून भरली, वर सिलिकॉन. साधी लोखंडी स्टील-वूल ओलीत महिनाभरात गंजून भुगा होते, म्हणून स्टेनलेसच. सिलिकॉन एकटं लावलं तर उंदीर तेही खातो. घासणीची तार दातात अडकते, ते त्याला नको असतं. घर सोडताना ओढून काढता येते.

गॅसच्या नळीचं भोक: इथे घासणी वापरायची नाही, तार नळीवर घासून घासून कापत जाते. सिमेंटही थेट नळीवर नाही. नळी जेमतेम सरकेल एवढ्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा भोकात बसवला, पाइप आणि भिंतीमधली फट सिमेंटने भरली, आणि नळी त्या पाइपातून ओवली. नळी काढायच्या आधी रेग्युलेटर बंद, पुन्हा जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं.

नळी बाहेर काढली म्हणून दिसलं: बाल्कनीच्या बाजूला दोन ठिकाणी दातांच्या खुणा, एक चांगली खोल. साधी रबरी नळी होती. त्याच दिवशी तारेच्या जाळीची नारिंगी सुरक्षा नळी आणली, १९० रुपये, पाच वर्षांची मुदत वर छापलेली. उंदीर असलेल्या घरात लेंड्या पुसण्याच्याही आधी ही नळी तपासावी. गॅसचा वास आलाच तर गळतीसाठीच्या १९०६ या नंबरवर फोन.

सिलिंडरजवळ जमिनीलगतचा हवेचा झरोका मात्र बंद केला नाही, आतून तीच ६ मिमीची जाळी लावली. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली साचतो, त्याला बाहेर जायला वाट हवी.

दार: खाल्लेली रबरी पट्टी काढली. ॲल्युमिनियमच्या पट्टीत दाट ब्रश असलेली, ३८०, स्क्रूने. तीन स्क्रूंची भोकं दाराच्या आतल्या बाजूला राहणार, मालकांना कळवलं होतं. खाली २ मिमीच फट ठेवली. त्याहून कमी ठेवली तर ब्रश फरशीवर घासून दार अडकतं.

चाप आत तसेच ठेवले. सगळं बुजवून चाप काढले तर आत राहिलेला आतच राहतो, मग तो बाहेर पडायला जे मिळेल ते कुरतडतो.

२३ जुलै

सहावा. आत अडकलेला असावा. रात्री केबलच्या भोकापाशी ओरबाडल्याच्या खुणा, घासणी जागेवर.

२४ जुलै

रांगोळी स्वच्छ.

२५ जुलै

रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, सिंहगड रोडला एकता नगरीत घरांत पाणी शिरलं. इथे उंचावर पूर नाही, पण आवारातले ड्रेनेजचे चेंबर तुंबून वाहिले. चेंबर आणि बिळं भरली की त्यातले राहणारे वर चढतात, तेव्हा पुढच्या आठवडाभर रोज रांगोळी.

२७ जुलै

टोमॅटो अर्धा खाल्लेला. भांड्यांचा साबण कुरतडलेला, दातांच्या खुणा रुंद. फ्रिजवर लेंड्या, १२ मिमी, लांबट आणि टोकदार. खाली रांगोळीत काहीच नाही.

फ्रिजवर लेंड्या आणि जमिनीवर पाऊल नाही, म्हणजे वरून आला. काळा उंदीर, शेपूट अंगापेक्षा लांब, पाइपावर सरसर चढणारा. एक्झॉस्ट फॅन. १३ तारखेला सोडून दिलेला.

खात्री करायला वर्तमानपत्राचा बोळा पाकळ्यांमध्ये हलकाच खोचला, फॅनचं बटण बंद करून त्यावर चिकटपट्टी. सकाळी बोळा ओट्यावर.

२८ ते ३१ जुलै

काळ्या उंदराची रीत वेगळी. छोटा उंदीर नवीन वस्तू दिसली की हुंगायला येतो, मोठा तिला चार-चार दिवस टाळतो. पहिल्या रात्री चाप सुटून निसटला तर महिनाभर जवळ फिरकत नाही. म्हणून माळ्यावरचा २ जुलैचा पिंजरा उतरवला, दार तारेने उघडं बांधलं आणि फ्रिजवर ठेवून दिला. आत भाजलेलं सुकं खोबरं, तुपाचं बोट लावून. ओट्यावर दुसरं काही खायला ठेवायचं नाही, साबणसुद्धा डबीत.

२८ ला स्पर्श नाही. २९ ला दाराशी ठेवलेला तुकडा गेला. ३० ला मधला. ३१ ला आकड्याच्या अगदी जवळचा.

१ ऑगस्ट

बांधलेली तार काढून पिंजरा लावला. सकाळी दार बंद, आत कुणी नाही, खोबरंही नाही. आकड्याला तुकडा सैल अडकवला होता, ओढताना झटका बसून उंदीर मागे सरला. पुन्हा दोन रात्री उघडा ठेवला. तीन दिवस गेले.

४ ऑगस्ट

खोबरं आकड्यात आरपार ओवून तारेने पिळलं. पहाटे चारला आवाज, सापडला. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडे दिला. टेकडीवर सोडला तर तिथल्या पायथ्याच्या घरात शिरतो, नाहीतर अनोळखी जागी मरतो. पिंजऱ्यासकट पाण्यात बुडवणं हा प्रकार करू नये.

त्याच दिवशी मेनस्विच बंद करून फॅन उतरवला. बाहेरच्या बाजूने ६ मिमीची जाळी, चौकटीवर चार स्क्रू, आधीचीच भोकं. तेलकटपणाने जाळी भरते आणि हवा ओढली जात नाही, म्हणून महिन्यातून एकदा गरम पाणी आणि सोड्याने धुवावी लागेल. सिंकपाशी उरलेल्या जाळीचा तुकडा इथे पुरला.

११ ऑगस्ट

सात रात्री काही नाही. चाप तीनवर आणले: सिंकखाली, फ्रिजमागे, ड्राय बाल्कनीत.

जाळी लावलेल्या सिंकच्या कोपऱ्यात डक्टच्या बाजूने ओरखडे ऐकू येतात. येऊ देत.

१८ ऑगस्ट

रांगोळीवर एक माग. पाल.

२५ ऑगस्ट, रविवार

४ ऑगस्टनंतर २१ रात्री स्वच्छ. तीन आठवडे थांबण्याचं कारण: मागे राहिलेली एखादी मादी गाभण असली तर तेवढ्या दिवसांत विते, आणि तिची खायची वणवण रांगोळीत दिसतेच.

हिशोब. जाळी २४०, सिमेंट-वाळू ४०, घासण्या सहा १२०, सिलिकॉन आणि गन ३४०, नहाणीच्या जाळ्या १८०, दाराची ॲल्युमिनियम पट्टी ३८०, प्लंबर ४००, छोटे चाप २७०, पिंजरा २२०, गॅसची नळी १९०, पीव्हीसीचा तुकडा ४०, हायपो-मोजे-मास्क १५०, रांगोळी १०. वाया गेलेले: फोम ४२०, यंत्र ५४९, रबरी पट्टी १२०, म्हणजे १०८९. एकूण ३६६९. मालकांनी १०६० दिले.

वेळ: पाहणी दोन संध्याकाळ, पहिलं बुजवणं साडेपाच तास (नहाणीच्या जाळ्या सोडल्या तर सगळे फुकट), दुसरं साडेपाच तास, फॅन दीड तास.

मालकांना बुजवलेल्या भोकांचे फोटो पाठवले, जुन्या फोटोंच्या शेजारी लावून. जाताना काढायचं: केबलची घासणी आणि फॅनची जाळी. फॅनची राहू द्या, असं त्यांचं उत्तर आलं.

बाकी: बाथरूमच्या नहाणीची जाळी सैल बसते, दोन स्क्रू लागतील. पुढच्या रविवारी.